शेजारची खुर्ची

पेरुंगुडी, ३ जुलै २०२५

ती. विजी आत्यास,
सौम्याचा शि. सा. न. वि. वि.

एकाच चेन्नईत राहून पत्र लिहायला लावणारी आत्या तू एकटीच असशील. फोनवर मी तुला बोलू देत नाही म्हणतेस आणि ठेवून देतेस. बरं, घे पत्र. माझ्या मराठीला हसू नकोस.

काल ओरगडमहून कार्तिकचा फोन आला. कारखान्यात काम करायचं की आईवर पहारा ठेवायचा, असं विचारत होता बिचारा. दोन शनिवार तू डायलिसिसला गेलीच नाहीस म्हणे! अंगातलं पाणी छातीत उतरलं की काय होतं, ते मी नर्स असून तुला किती वेळा सांगायचं?

इकडे माझ्या प्रबंधाचं मातेरं झालंय. डायलिसिसवर जगणं कसं असतं ते रुग्णांच्याच तोंडून समजून घ्यायचं आहे. रिपोर्टातले आकडे नकोत, आपलं शहाणपण बाजूला ठेवून फक्त ऐकायचं. चारुलता मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, सगळ्या मुलाखती परत केल्या. रुग्ण मनातलं काही सांगायला लागला की मी मध्येच काळजी करू नका, सगळं ठीक होईल असं म्हणते, म्हणून. नर्स दुसरं काय म्हणणार गं? तू तरी शनिवारी मुकाट्याने जा.

पथ्य पाळ आणि माझ्यावर माया असू दे.
तुझी सौम्या

पश्चिम मांबलम, ६ जुलै

चि. सौम्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आधी मला झाडायचं आणि मग फक्त ऐकायचं असं लिहायचं, धन्य आहे तुझी! तुझ्या मॅडम शहाण्या दिसतात.

कालही मी गेले नाही. का ते ऐक. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हे एक बरं आहे.

दर शनिवारी माझ्या शेजारच्या खुर्चीत अन्नपूर्णाबाई असायच्या. आपल्यासारख्याच तंजावरकडच्या. मशीन लागलं की आम्ही आपल्या मराठीत सिस्टरांच्या नकला करायचो, आणि आम्हाला बंदी असलेल्या जेवणाचे बेत आखायचो. दह्यात कालवलेली डांगर पच्चडी, केळी, वर आंबे! मग एका शनिवारी तिथे कोणी नवे गृहस्थ. सिस्टर म्हणाली, त्यांची शिफ्ट बदलली. तुला फोन केला, तर तूही म्हणालीस, शिफ्टच बदलली असेल, वर काळजी करू नकोस. मी मेली माझीही शिफ्ट बदलून मागत बसले. नंतर बाजारात त्यांची सून भेटली. तेरावा होऊन गेला होता.

मला मरणाची भीती नाही. चीड आली आहे. माणूस गेलं तरी जिथे कुणी सांगत नाही, तिथे माझ्याने बसवत नाही. उद्या माझीही शिफ्टच बदलेल.

रागावले तरी तुझीच,
विजी आत्या

पेरुंगुडी, ८ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

या पत्रात काळजी करू नकोस असं दोनदा लिहून बसले आणि दोनदा कागद फाडला. सवय जाता जात नाही, माझाच मला वैताग आला.

अन्नपूर्णाबाई वारल्या. त्या आता कुठल्याच शिफ्टला येणार नाहीत. तुझी मैत्रीण गेली, आत्या.

शनिवारी जा असं मी सांगणार नाही. पण तू गेली नाहीस तर मरशील, आणि मला आत्या उरणार नाही. हा सल्ला नाही. मला भीती वाटते आहे.

तुझ्या मायेची भुकेली,
सौम्या

पश्चिम मांबलम, १३ जुलै

चि. सौम्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून पोटभर रडले. काल गेले. वजन भलतंच वाढलं होतं, सिस्टरने भरपूर सुनावलं.

शेजारी तेच नवे गृहस्थ, सेतुमाधव. त्यांनी दबकत विचारलं की या खुर्चीत आधी कोण बसायचं. सिस्टरने लगेच शिफ्टचं सांगितलं. मी म्हटलं, नाही, अन्नपूर्णाबाई बसायच्या, त्या वारल्या. सिस्टरने असे डोळे वटारले म्हणून सांगू! ते गृहस्थ मात्र म्हणाले की इथे आल्यापासून खरं बोललेली मी पहिलीच. आणि त्यांनी विचारलं, त्या बाई कशा होत्या.

मशीन थांबलं तेव्हा मी अजून सांगतच होते.

लोभ आहे, तो असाच राहो.
तुझी विजी आत्या