वहीतलं माप

अहो,

वकीलबाईंचा फोन आला होता. कोर्टाने आज अर्धा तास नातीला भेटायची परवानगी दिलीय, पण आत एकालाच सोडणार. तुम्ही दुकानात फोन काही उचलत नाही, म्हणून मीच निघाले. जेवण झाकून ठेवलंय.

तुम्ही तिच्यासाठी शिवलेला फ्रॉक नेत नाहीये, रागावू नका. जन्मभर शिंपीकाम केलंत आणि माप वहीतलंच धरलंत. सून तिला घेऊन गेली त्याला दोन वर्षं झाली, पोर तेवढीच राहिली असेल का? मीही शहाणीच, इस्त्री केल्यावर लक्षात आलं.

तुमची मापाची टेप घेतलीय. मला ओळखलंच नाही, तर ती आपणहून जवळ कशाला येईल? छातीचं माप घ्यायला तरी तिच्याभोवती हात टाकता येतील.