वेदीपुढचा दिवा

३ मार्च, मंगळवार
पुन्हा विझलेला. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा.

मिस्साची उपासना आटोपल्यावर माझ्या बाकावरून पाहिलं. वेदीपुढच्या टांगत्या दिव्याची लाल काच काळीठिक्कर. पेटीत पवित्र भाकर, तिच्यापुढे हा दिवा अखंड जळायला हवा, आणि अंधार! दिवेवालीला शोधत मागच्या खोल्यांत फिरले. (चर्च झाडणं, दिव्यात तेल घालणं तिच्याकडे. आवारातल्याच खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासूला घेऊन राहते.) सापडली अंगणात, हातात फडकं. म्हणे, "जळतोय की, बाई." म्हटलं, साखळी सोड, खाली घे. वरून डोकावले तर ज्योत! मी मागे शोधत होते तेवढ्यात बाजूच्या दाराने येऊन काडी ओढली असणार. काचेला बोट लागलं, चटका बसला. आणखीच संताप आला.

परत येताना चर्चच्या खालच्या पायरीला ठेचकाळले. तिथला बल्ब बदलायला हवा. कुणाचं लक्षच नाही.

८ मार्च, रविवार
फादरांच्या कानावर घातलं. म्हणाले, "मला तर रोज जळताना दिसतो."
"फादर, तुम्हाला सगळ्यांचं चांगलंच दिसतं."
हसले. मग म्हणाले, कमिटीपुढे ठेवू. चिटणीस मीच आहे, ठेवतेच. एकतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. कॉपी करणारं एक पोर माझ्या नजरेतून सुटलं नाही, ही काय सुटणार?

संध्याकाळी एका अंत्यविधीला निघाले, तर सून दारात आडवी. "आई, ही साडी मरून आहे. काळी नाही." वाद घातला. शेवटी नातीला साक्षीला बोलावलं. मरूनच. सुनेने परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन टाकली — सत्तावीस तारीख. घेऊ दे. कपाटातला उजेडच मेला आहे.

१३ मार्च, शुक्रवार
विझलेला.

१७ मार्च, मंगळवार
हे कुणाशी बोलता येणार नाही. लहानपणी आई सांगायची — दिवा जळतोय म्हणजे प्रभू घरी आहे. कॉलेजात गेल्यावर मी तिला हसायचे. पण हे गेले त्या आठवड्यात प्रार्थनेचा एक शब्द आठवत नव्हता. नुसती त्या लाल ठिपक्याकडे बघत बसायचे. तेवढं पुरलं.

आता गुडघे टेकते, वर बघते, काही नाही. आज मनात आलं, घरात कुणी नसेलच तर? उठले आणि तडक बाहेर आले. हे गेल्यापासून अकरा वर्षांत पहिल्यांदा जपमाळ अर्धी टाकून.

हे त्या बाईने माझं केलं आहे. तिला सोडणार नाही.

२२ मार्च, रविवार
कमिटी झाली. मी उभी राहून तारखा वाचून दाखवल्या. सात तारखा. फादर चष्मा पुसत राहिले. माझ्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती, हे मलाही कळत होतं. दिवेवाली दाराशी उभी. एवढंच म्हणाली, "रोज तेल घालते, बाई. रोज उतरलेलं असतं. न जळता कसं उतरेल?"
"तुझ्या कढईत उतरत असेल."
सगळे हसले. ती खाली बघत राहिली.

काम गेलं. शनिवारपर्यंत खोली रिकामी करायची. सासूला कुठे नेणार, असं फादरांनी विचारलं. ते आपण बघायचं नाही, असं मी म्हटलं.

जेवण गेलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार
डॉक्टरीणबाईंनी लाल झाकणाची बाटली धरली — हे मला नंतर कळलं. "झाकणाचा रंग?"
"तपकिरी. काळपटच."
"दुसऱ्या डोळ्याने?"
"तोच."
त्यांनी सुनेकडे पाहिलं. डोळ्यांमागच्या नसा सुकत चालल्या आहेत. आधी लाल रंग जातो. जवळचा पिवळा उजेड दिसेल, पण लांबून, लाल काचेआडून — नाही. सून म्हणाली, "पायऱ्यांवरसुद्धा अडखळतात." मी मध्येच विचारलं, कधीपासून? "दीडदोन महिने तरी," ती म्हणाली.

रिक्षात एकच गोष्ट डोक्यात. जाड काच एका मिनिटात चटका बसण्याइतकी तापत नाही. दरवर्षी आठवीला मीच शिकवायचे.

काच गरम होती.

२८ मार्च, शनिवार
सात वाजता तिच्या दारात गेले. ट्रंक बाहेर काढलेली, सासू खुर्चीवर शाल गुंडाळून. सगळं सांगितलं. माफी मागायची सवय नाही, शब्द वेडेवाकडे आले.

ती म्हणाली, "मला कळलं होतं, बाई. रोज त्याच पायरीला ठेचकाळायचा तुम्ही."
"मग कमिटीत का नाही बोललीस?"
"सगळ्यांपुढे? तुम्हाला दिसत नाही म्हणून?"

म्हटलं, कमिटीला मी सांगते, तू कुठे जायचं नाही. ट्रंक दोघींनी मिळून परत आत नेली. एक कडी तिच्या हातात, एक माझ्या. उंबऱ्याशी ती थांबली आणि हळूच म्हणाली, "बाई, पायरी."