अण्णांच्या हातची शेवटची पानं

प्रिय अण्णा,

जाधव मास्तर काल पुस्तक परत करून गेले. तेरा वर्षांनी! तुमच्या वाचनालयाचा नियम आठ दिवसांचा होता. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, त्याच्या आधीच वाचनालय बंद पडलं, त्या गाळ्यात आता मोबाइलचं रिचार्ज मिळतं. आणि मास्तर सिन्नरहून एसटीनं येऊन, पत्ता विचारत विचारत माझ्या दारात उभे. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. अण्णांची वस्तू आहे, घरात ठेववेना, म्हणाले. अर्धा चहा टाकून निघून गेले.

म्हणून हे पत्र. नाहीतर मला कुठली आलीय पत्र लिहायची सवय? तुम्ही होतात तेव्हा एका घरात राहूनही आपण चार-चार दिवस बोलत नव्हतो.

पुस्तक कोणतं हे सांगायला नकोच. ‘काळ्या कड्याचं भुयार’.

नाशिक रोडच्या स्टेशनाजवळ तुमचा तो एवढासा गाळा. कादंबऱ्या होत्या, मासिकं होती, पण धावायचं ते एकच फडताळ, साहसकथांचं. बुडालेली जहाजं, जंगलात हरवलेल्या टोळ्या, तुटके पूल, किल्ल्यातली भुयारं. ड्यूटी सुटलेले कामगार, कॉलनीतली पोरं, रोज गाडीनं ये-जा करणारे कारकून, सगळ्यांना तेच हवं असायचं. दिवसभर मान मोडून काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी कड्यावर लोंबकळायची एवढी हौस का, हे मला कधी कळलं नाही. तुम्हाला विचारलं तर म्हणायचात, लोंबकळायची नाही गं, तिथून परत यायची.

कागद भिकार, बांधणी त्याहून भिकार. दहा हात फिरलं की पहिला बळी शेवटच्या पानाचा! लोक पुस्तक पालथं टाकतात, त्यावर कपबशी ठेवतात, पोरं मलपृष्ठ ओढतात. दुसऱ्या कुणी अशी पुस्तकं रद्दीत घातली असती. तुम्ही दुपारी गाळ्याचं शटर अर्धं ओढून, कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेली चिकटवायची खळ ढवळत बसायचात. कोरे कागद लावायचे, शिवण घालायची, प्रत्येक टाक्याला दोरा दोनदा ओढून बघायचा. आणि मग त्या कोऱ्या पानांवर निळ्या शाईनं, टपोऱ्या अक्षरात, गोष्टीचा शेवट लिहायचा.

खरा शेवट आठवत असेल तर तो, नाहीतर तुमच्या मनाचा! तुमच्या शेवटात कुणी मरत नसे. वाघाच्या तोंडातला परत यायचा, बुडालेला काठाला लागायचा, आणि शेवटची ओळ ठरलेली: ‘सगळे घरी पोचले तेव्हा भाकऱ्या अजून गरम होत्या.’ जहाज कुठल्या का समुद्रात असेना, घरी भाकऱ्याच. लोक हसायचे, पण मागायचेही तेच. हातचं आहे का, असं विचारायचे. मास्तर तर छापील शेवटाचं पुस्तक हातात घेत नसत.

मला मात्र लाज वाटायची. सांगूनच टाकते आता. दहावीत होते, शुद्धलेखनात वर्गात पहिली, खऱ्याखोट्याची भारी चाड. माझे वडील दुसऱ्याच्या पुस्तकात स्वतःचं घुसडतात, म्हणजे चोरीच की! त्यातून शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात मला ‘काळ्या कड्याचं भुयार’ची धड प्रत सापडली. शेवट वाचला. दोन भाऊ भुयारात उतरतात, दरड कोसळते, धाकटा आतच राहतो. थोरला रिकाम्या हातानं गावात परततो, आणि पुस्तक संपतं. आणि तुमच्या प्रतीत? धाकटा थोरल्याच्या पाठीवर बसून घरी, भाकऱ्या गरम.

मी त्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. रविवारी सकाळी गाळ्यात गर्दी असताना तुमच्या हातची दोन पानं टरकावून काढली आणि तुमच्याच खळीनं झेरॉक्स चिकटवल्या. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी स्टुलावर उभी राहून तो खरा शेवट मोठ्यानं वाचून दाखवला. सावकाश, एकेक वाक्य, बाईंनी शिकवल्यासारखं. धाकट्याची हाक कशी बारीक होत गेली तेसुद्धा. वाचून झाल्यावर म्हणाले, “अण्णा, तुम्ही लोकांना खोटं वाचायला देता.”

मास्तर म्हणाले, पोरी, मला हे नको होतं. तुम्ही खळीचं भांडं झाकलंत. फडक्याला हात पुसलेत. आणि म्हणालात, “बरोबर आहे तुझं. तो आतच राहिला.”

मी जिंकले, असं मला वाटलं होतं हो, अण्णा!

त्या दिवसानंतर तुम्ही एकही शेवट लिहिला नाहीत. फाटक्या पुस्तकांवर चिठ्ठी डकवायचात, ‘शेवटची पाने नाहीत’. माणसं कमी होत गेली. मग घरोघर केबल आली, लोक साहसं पडद्यावर बघू लागले, आणि सगळे वाचनालय केबलनं बुडालं म्हणू लागले. मीही तेच म्हणायचे. सोयीचं होतं.

आता मास्तरांनी सांगितलेलं सांगते. त्यांनी माझ्या झेरॉक्स उपटून फेकल्या होत्या. पुन्हा तुमच्याकडे आले होते, गाळ्यात मी नसताना. अण्णा, पूर्वीसारखं लिहून द्या, म्हणून हट्ट धरला. तुम्ही नाही-नाही म्हणत दोन कोरी पानं शिवलीत. लिहायला बसलात. पान भरत आलं आणि पेन खाली ठेवलंत. मास्तर, होत नाही आता, असंच न्या, म्हणालात. मास्तर घेऊन गेले. परत आणून द्यायचा धीर त्यांना तेरा वर्षं झाला नाही.

ते पान काल उघडलं. वास तोच, खळीचा. अक्षर तुमचंच, पण खाली खाली उतरत गेलेलं. शेवटच्या ओळी अशा: ‘थोरला बाहेर थांबला होता. त्याने दोर ओढायला घेतला. दोर’

एवढंच. पुढे पूर्णविरामही नाही.

मी ते वाक्य दहा वेळा वाचलं. तुमच्या पहिल्या शेवटात, छापील शेवटातसुद्धा, थोरला भावाबरोबर आत होता. बाहेर थांबलेला थोरला तुम्ही कुठून आणलात? शेवटी घोटीला सुमनआत्याला फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, अण्णांना भुयाराचं काही होतं का गं? आत्यानं उलट मलाच विचारलं, “तुला मधूचं कुणी सांगितलं?”

मधुकाका. आपल्या भिंतीवरचा तो फोटो, शाळेच्या सदऱ्यातला, हसताना एक डोळा बारीक. तापानं गेला, असं आम्हाला सांगितलेलं. मी इतकी वर्षं त्या तापावर विश्वास ठेवला.

आत्या जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते, मला माझे शब्द सुचत नाहीत. “कसला ताप? दोघांनी चोपडं वाचलं हुतं कसलं तरी, खजिन्याचं. घोटीच्या पल्याड डोंगरात कपार हाय, तिथं गेले. तुझा बाप मोठा, त्यानंच आत जायचं ठरलं हुतं. पण तोंडाशी जाऊन भ्याला. मधू म्हनला, मी जातो, तू दोर धर. लय वेळ दोर जड व्हता. मंग सैल आला. त्यानं ओढला त नुसता दोरच आला हातात. गावातली मानसं गेली, पन मधू नाय घावला. तुझ्या बापानं दोर सोडला नाय हातातला, दोन दिस.”

अण्णा, मी फोन ठेवला.

ज्या गोष्टीनं भाऊ नेला, तीच गोष्ट तुम्ही जन्मभर दारोदार वाटत बसलात? दुसरा धंदा नव्हता का? काल रागच आला मला तुमचा. मग एकेक शेवट आठवू लागले. पाठीवर बसून आलेला, काठाला लागलेला, वाघाच्या तोंडातून सुटलेला. किती वेळा आणलंत तुम्ही त्याला घरी! आणि मी गर्दीसमोर स्टुलावर चढून त्याला परत आत ढकललं. तुम्हाला ऐकवून. मला एका शब्दानं सांगायचं होतंत, अण्णा. थोबाडीत मारायची होती. ‘बरोबर आहे तुझं’ काय म्हणालात?

आणि हॉस्पिटल. त्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण ते सोडत नाही मला. शेवटच्या आठवड्यात तुम्ही चादरीचं टोक मुठीत धरून ओढत राहायचात. थांबायचात, पुन्हा ओढायचात. मला म्हणालात, “वैशू, बघ गं, सैल लागतोय.” मी सलाइनची नळी तपासली. नर्सला बोलावलं, तिनंही तपासली. तुम्ही पुन्हा तेच. मला वाटलं, भ्रम झालाय. मी तुमची बोटं एकेक करून चादरीवरून सोडवली. हात पांघरुणाखाली सरळ करून ठेवले. पेशंटला शांत ठेवायचं असतं ना! दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

माझ्या हातांनी सोडवली, अण्णा. कालपासून ती बोटं माझ्या हातात आहेत. पोळ्या लाटताना आहेत, वह्या तपासताना आहेत. पडदा ओढला तरी मी थबकते आणि दुसऱ्या टोकाला काही आहे का बघते. आज शाळेत एका मुलीनं निबंधात मेलेल्या कुत्र्याला शेवटी जिवंत केलं होतं. लाल पेन घेऊन किती तरी वेळ बसले. खूण करवली नाही.

क्षमा मागायला उशीर झालाय, कळतं मला. तुम्ही म्हणाल, मागू नकोस, तू खरं तेच वाचलंस. खरंच वाचलं होतं, तोच तर त्रास आहे.

पण एक कबूल करते. उद्या सुट्टी आहे. खळ शिजवून ठेवली आहे, मोरचूद घालून. पानांची शिवण उसवलीय ती पुन्हा घालीन, प्रत्येक टाका दोनदा ओढून बघीन. तुमचं पेन चालू करून घेतलंय, शाईही निळीच आणली. तुम्ही जिथं थांबलात तिथूनच पुढे लिहीन, तुमच्या ओळीत, तुमच्या शब्दाला लागून. खोटं लिहीन, अण्णा, जन्मात पहिल्यांदा. लिहून झालं की पुस्तक सिन्नरला मास्तरांना नेऊन देईन, परत करायची मुदत न सांगता. शेवटची ओळ भाकऱ्यांची, ती ठरलेलीच आहे. पण त्याच्या आधी तुमचं अर्धं वाक्य पुरं करायचंय. त्याला दोनच शब्द हवेत, तेही मी ठरवलेत.

दोर जड लागला.

तुमची,
वैशू