मिनेझाकी पन्नासात आला की

४ सप्टेंबर, गुरुवार
लेकीचा, यामिनीचा, ओसाकाहून फोन. आईचा मोबाइल नंबर अजून का चालू ठेवलायस, म्हणाली. सांगितलं, भावनिक काही नाही. निवृत्त फुटबॉलपटूंच्या लोकप्रियतेची एक ऑनलाइन यादी आहे. एका नंबरला दिवसाला एक मत. स्वरूपा नाश्ता झाला की मिनेझाकीला द्यायची. ती गेल्यापासून मी देतो, तिच्या नंबरवरून एक आणि माझ्या नंबरवरून एक. फुटबॉल मला कळत नाही. सध्या तो ६८वा. पन्नासात आला की तिचा नंबर बंद करतो, असा शब्द दिला.

८ सप्टेंबर
लंचला ऑफिसातल्या टीमला मतदानाचं सांगितलं. ओगावा-सान म्हणाले, विचार करून बघतो. बाकीचेही विचार करून बघणार आहेत. उत्तम रिस्पॉन्स. महिनाअखेर काम होईल.

१५ सप्टेंबर
७१वा. यामिनी म्हणाली, बाबा, इतकी वर्षं जपानात काढलीस, 'विचार करून बघतो' म्हणजे 'नाही', एवढं कळू नये? माझ्या मते ते अजून विचार करत असावेत.

२१ सप्टेंबर
निशी-कसाईच्या आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली. खालच्या मजल्यावरच्या उदयने लगेच मत दिलं. यादीत सगळ्यात वर जो होता, त्याला. म्हणे, हाच निवडून येतोय, मत फुकट कशाला घालवा? त्यावर सगळ्यांचे अंगठे.

२ ऑक्टोबर
७४वा. बऱ्याच दिवसांनी जेवण नीट गेलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
मिनेझाकी टीव्हीवर ग्योझा, म्हणजे इथले मोमो, करायला आला. पहिली खेप करपवली आणि सगळी स्वतःच खाल्ली. मी बाजूला वळून 'बघितलंस?' म्हणालो. सवय, दुसरं काही नाही.

१४ ऑक्टोबर
४७वा. ओगावा-सान टेबलाशी येऊन अभिनंदन करून गेले. त्यांच्या आईनेही मत दिलंय. यामिनी म्हणाली, मग शनिवारी मोबाइलच्या दुकानात जा.

१५ ऑक्टोबर
५१व्या क्रमांकावर एक गोलकीपर आहे. सज्जन वाटतो. माझ्या नंबरवरचं मत त्याला दिलं. स्वरूपाच्या नंबरवरून मिनेझाकीलाच. तिथे हात धजला नाही.

१७ ऑक्टोबर
मिनेझाकी ४४वा. गोलकीपर ५३वा.

१८ ऑक्टोबर, शनिवार
मोबाइलच्या दुकानात गेलो. दोन्ही नंबर माझ्याच नावावर, त्यामुळे तिथल्या मुलीने एवढंच विचारलं, कोणता बंद करायचा? मी सांगितला. तिने वाचून दाखवला, नक्की ना, असं पुन्हा विचारलं. नक्की, म्हणालो. काम झालं. तिने वाकून नमस्कार केला.
स्टेशनपाशी यामिनीला कळवायला फोन काढला, तर माझाच बंद.
घरी येऊन स्वरूपाच्या फोनवरून लावला. बराच वेळ उचलला नाही. मग उचलला, पण बोलेचना.
मी म्हणालो, मी आहे गं, बाबा.