मुक्या मोटारीला गंगेचं पाणी

॥ श्री ॥
परभणी, ता. १४ मार्च १९५४

ती. सौ. अंबाताई व ती. आप्पाराव दाजी यांस धाकट्या उमाजीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि. इकडे क्षेम, तिकडचं कळवत जावं.

दाजी, मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत की माझी मोटार खरंच पेट्रोलाशिवाय चालते, की परभणीला जाऊन उमाजी थापा मारायला शिकला. थापा नाहीत. हैदराबादेत एका जहागीरदाराचं सामान विकायला निघालं, तेव्हा आमच्या नर्मदाबाई डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी ती लेकीसाठी घेतली. चाळीस वर्षांची म्हातारी आहे. हातात दांडा धरून वळवायची, पायाखाली घंटा, आणि पुढच्या-मागच्या पेट्यांत मिळून चोवीस बॅटऱ्या. आवाज म्हणून नाही, त्यामुळे लोक तिला मुकी म्हणतात. परवा बाजारात एक म्हैस रस्त्यातून हलेचना. मागे मोटार उभी आहे हे तिला कळलंच नव्हतं. मी घंटा वाजवली तेव्हा तिने असं काही वळून पाहिलं की मीच माफी मागितली.

एकदा वीज भरली की वीस मैलांची फिकीर नाही. बाळंतपणासाठी बाईसाहेबांना पेडगावला किंवा पिंगळीला नेऊन आणायला तेवढी पुरते. गंगाखेडला मात्र ती यायची नाही, तेव्हा ताईने ओवाळणीचं ताट मांडून बसू नये.

वीज भरायची ती कापसाच्या जिनिंगच्या डायनामोवर, एक दिवसाआड सकाळी. तिथला इंजिनवाला बन्सीधर ते काम पाहतो. बाईसाहेबांनी सगळे नियम फळीवर लिहून शेडच्या दाराला ठोकले आहेत. दोन्ही दारं सताड उघडी ठेवायची, बॅटऱ्यांची बुचं काढायची. आधी तारा जोडायच्या, मग खटका. काढताना आधी खटका बंद, मग तारा. विडी, काडीपेटी, कंदील बाहेर, कारण भरताना जे बुडबुडे येतात त्यांतला वायू एका ठिणगीने भडकतो. बन्सीधर इतका काटेकोर की त्याने एकदा खुद्द मॅनेजरला पेटती विडी बाहेर टाकायला लावली. मॅनेजर ते अजून विसरलेला नाही.

बॅटरीत तेजाब असतो आणि त्यातलं पाणी उडतं, ते वरचेवर घालावं लागतं. पण आडाचं नाही, नळाचं नाही. वाफ करून थंड केलेलं, जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी पाहिजे, असं बाईसाहेब सांगतात आणि फळीवरही तेच आहे. ते सिकंदराबादेहून काचेच्या मोठ्या बरणीत रेल्वेने येतं, वर्षाला एक बरणी. यंदाचीही आली आहे. ताई, सहज विचारतो, तुमच्या दारच्या गंगेचं पाणी उन्हाळ्यात किती नितळ असतं? कळशीत वर्षभर ठेवलं तरी त्यात किडा पडत नाही असं तू सांगायचीस. सहजच विचारलं.

कागद संपला. लहानावरची माया पातळ करू नये.

तुमचा उमाजी

॥ श्री ॥
गंगाखेड, ता. २ एप्रिल १९५४

चि. उमाजी यास आप्पाराव व सौ. अंबा यांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी ओट्यावर बसून वाचलं. रिवाजाप्रमाणे सगळी आळी ऐकायला जमली होती. म्हशीचा मजकूर दोनदा वाचावा लागला. समोरच्या कासाबाईचं म्हणणं की जी आवाज करत नाही ती मोटार कसली आणि जी ऐकून घेते ती बायको कसली. यावर तुझी बहीण माझ्याकडे पाहून हसली, याची मी नोंद घेतली आहे.

पाण्याचं वाचून मात्र ती ताडकन उठली. लिहायला सांगते की बाईसाहेबांना म्हणावं, जगातलं शुद्ध पाणी सिकंदराबादेत कशाला हुडकायलाव, ते आमच्या दाराशी वाहायलंय. तिचे शब्द आहेत, मी फक्त लेखणी. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाऊन ती गंगेवर गेली, मधल्या धारेतून तांब्याची कळशी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि मला रेल्वेत बसवून दिलं. परभणी स्टेशनावर तू ती डोक्यावर घेऊन गेलास, ते मी घरी आल्यावर तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ती विचारणार आहे.

आता आळीत ती कुणालाही थांबवून सांगते की माझ्या भावाची मोटार गंगेच्या पाण्यावर चालती. मी म्हटलं, अगं ती विजेवर चालते. तर म्हणते, वीज तर सगळ्यांचीच असती.

पाणी लागेल तसं कळव. भावाने मागितलं आणि बहिणीने नाही म्हटलं असं या घरात झालेलं नाही. जिवाला जप.

आप्पाराव

॥ श्री ॥
परभणी, ता. ८ जुलै १९५४

ती. ताई व दाजी यांस उमाजीचा सा. नमस्कार.

घाईत चार ओळी लिहितो. कळशी संपली. गंगेचं पाणी मुकीला मानवलं म्हणायचं. बाईसाहेबांना मी त्यातलं काही सांगितलेलं नाही. त्या शिकलेल्या, त्यांना हसू येईल. सिकंदराबादेचं पाणी पुरवून वापरावं एवढाच माझा विचार. तुम्हीही परभणीच्या माणसाजवळ बोलू नका.

दाजींना वेळ असेल तर अजून एक कळशी यावी. ताईला त्रास होत असेल तर राहू दे. हल्ली मोटार पेडगावहून परत येताना जिनिंगच्या चढावर जरा दम खाते. रस्त्याला चिखल फार, दुसरं काय.

आठवण असू द्यावी.

उमाजी

॥ श्री ॥
गंगाखेड, ता. २२ ऑगस्ट १९५४

चि. उमाजीस आशीर्वाद.

जुलैत गार्डाबरोबर पाठवलेली कळशी पोचल्याचं तू कळवलं नाहीस. तरी बहिणीने तिसरी पाठवली आहे. मी नेऊन दिली, पण तू स्टेशनावर नीट बोललाही नाहीस. चेहरा उतरलेला दिसला. घरी मी ते सांगितलं नाही.

इकडे गंगेला मोठा पूर आहे. पाणी घाटाच्या पायऱ्यांवर चढलंय, रंग लाल मातीचा. म्हणून तुझ्या कळशीत डोकावलो तर पाणी आरशासारखं! मी थक्क झालो. विचारलं तर तुझी बहीण म्हणाली, तुरटी फिरवली. तुरटीचे गुण एवढे मला माहीत नव्हते.

आता खरी बातमी. शाळेत दुपारी बायांसाठी प्रौढांचा वर्ग निघालाय आणि आमच्या घरातून एक विद्यार्थिनी जाते. अक्षर मोठं असलं आणि जोडाक्षर नसलं की तिला वाचता येतं. काल तिने ‘दवाखाना’ वाचलं आणि ‘पोस्ट’पाशी अडून बसली. जोडाक्षरं कोणी आणली असं मला विचारते, जसं काही ती मीच आणली. लवकरच माझी लेखनिकाची नोकरी जाणार असं दिसतं.

तुझ्या मनात काही असेल तर लिही. घर तुझंच आहे.

आप्पाराव

॥ श्री ॥
परभणी, ता. १ ऑक्टोबर १९५४

ती. दाजी व ती. ताई यांस उमाजीचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला. इकडे वाईट गोष्ट झाली. अकरा सप्टेंबरला पेडगावहून दैवशाला नावाच्या बाईच्या घरचा माणूस धावत आला. बाई अडली होती. आदल्या दिवशीच वीज पूर्ण भरलेली होती. आम्ही निघालो आणि पेडगाव दोन मैल राहिलं असताना मोटार उभी राहिली ती राहिलीच. बाईसाहेब पायी गेल्या. बाई वाचली. मूल वाचलं नाही.

नंतर हैदराबादेहून कारागीर आला. त्याने बॅटऱ्या उघडल्या आणि आतले पत्रे निकामी झाल्याचं सांगितलं. एकतर वीज प्रमाणाबाहेर भरली गेली, नाहीतर पाणी चुकीचं पडलं. पाण्याची खात्री पटल्यावर दोष वीज भरणाऱ्यावर आला. मॅनेजरने बन्सीधरला इंजिनावरून काढलं. तो घरी आहे.

मी बरा आहे. काळजी नसावी.

उमाजी

॥ श्री ॥
गंगाखेड, ता. १० ऑक्टोबर १९५४

चि. उमाजीस आशीर्वाद.

पत्र ओट्यावर वाचलं. बाया रडल्या. सगळी आळी त्या बन्सीधरला शिव्या घालते. एका माणसाच्या गाफीलपणाने कुणाचं तरी लेकरू गेलं, असा नालायक इंजिनावर नकोच, असं सर्वांचं मत पडलं. माझंही.

तुझी बहीण मात्र मध्येच उठून आत गेली. नंतर तिने एवढंच लिहायला सांगितलं की कारागिराला पाण्याची खात्री कशी पटली, ते उमाजीने लिहिलेलं नाही.

ती दोन दिवस धड जेवलेली नाही. तू पण जेवत जा.

आप्पाराव

परभणी
ता. २०. १०. ५४

ताई,

हा कागद तुला एकटीला आहे. दाजींना देऊ नको. यासाठी मोठं अक्षर काढतो. जोडाक्षर एकही घालत नाही. दमादमाने वाच.

बरणी फुटली होती. माघ महिना होता. शेडमधे उतरवताना माझे हात सैल पडले. कुणी पाहिलं नाही. काच मी पुरली. बाईसाहेब रागावतील, नोकरी जाईल, असं वाटलं. जुनी रिकामी बरणी तिथेच होती. ती मी तुझं पाणी ओतून भरली. तुला वाटलं मी गंगेची तारीफ करतो. मी चोरी झाकत होतो.

गंगा वाईट नाही. पण नदीचं असो की आडाचं, बॅटरीला ते पाणी सारखंच. विष आहे. फळीवर तसं लिहिलं होतं. मी ते रोज वाचत होतो.

गाडी थांबली. बाईसाहेबांना दोन मैल चिखलातून पायी जावं लागलं. पेटी घेऊन मी मागे पळत होतो. पोचलो तर उशीर झाला होता. बाळ निळं पडलं होतं. मुलगी होती. दैवशाला रडली नाही. ती सासूला बोलली, गाडीवाले दादा पळत आले, दम लागलाय, पाणी तरी पाजा. ते पाणी मी गिळलं. ते अजून खाली उतरत नाही.

हैदराबादचा माणूस मला विचारत होता, पाणी कोणतं घालता. मी बरणीकडे बोट दाखवलं. तेवढंच केलं. तोंडाने एक अक्षर काढलं नाही. आणि इंजिनवाला घरी बसला. नाव जोडाक्षराचं आहे, लिहीत नाही. तुला माहीत आहे. आळीतले लोक काय बोलले ते दाजींनी लिहिलं. ते सगळं माझं होतं, ताई.

काल सकाळी बाईसाहेबांना सांगितलं.  बाईसाहेबांनी मला जिनिंगला नेलं. मॅनेजरसमोर परत सगळं बोलायला लावलं. इंजिनवाला आज कामावर आला. मला शेडबाहेर नेऊन विडी पुढे केली. मला ती ओढवली नाही.

माझी नोकरी राहील की जाईल, ते बाईसाहेब सांगत नाहीत. एवढंच विचारलं, पेडगावला हे कोण सांगणार. दिवाळी झाली की पुढचा सोमवार. मी जातो.

तुझी माया मी विष करून ओतली. माफ कर असं कसं लिहू.

उमाजी

गंगाखेड
ता. २७. १०. ५४

उमाजीला ताईचा आशीरवाद.

हे मी लिवलंय. दाजीनं नाई. तुजा कागद चार दिवस वाचला. चुलीपुढं बसून, एक एक अक्षर लावत. सगळा वाचला. तू लय वाईट केलंस. बरणी फुटली तर फुटली. सांगायचं होतं.

आता माजं वाच.

तिसरी कळशी गंगेची नाई. गंगेला पूर होता. काठाला लय चिखल. मी भिले. आरधी वाट गेले आन परत आले. घरी दाजी दौत घेऊन बसलेले. आळीला तर मी सांगून बसले होते, भावाची मोटार माजं पाणी पिती. आता नाई कसं मनू. आडाचं पाणी शेंदलं. तुरटी फिरवली. गंगेचं हाय असं लिवा मनलं. दाजीला बी खोटं बोलले.

तू लिवतोस पाणी कोणतं बी सारखंच. ते मला पटत नाई. दुसरी कळशी होती तवर मोटार चालली. तिसरी गेली आन बंद पडली. तू शिकलेला हाईस, पण हे मला तू शिकवू नको. गंगेवर आळ घेऊ नको. तुजा हा कागद आला नवता तवापासून मी हे पोटात घेऊन बसले. आळीनं इंजिनवाला धुतला, मी गप ऐकलं.

काल दाजीला सगळं सांगितलं. ते ओटीवर जाऊन बसले. आज आळीला बोलावून मनले, तो इंजिनवाला चांगला माणूस हाय, माजी चूक झाली.

सोमवारी पेडगावला एकला जाऊ नको. मी रविवारी गाडीनं येते. दाजीला विचारलं नाई, सांगितलं. दैवशालाला बरणीचं तू सांग. कळशीचं मी सांगते. तिला मनीन, माय, गंगा खरी होती. पाणी खोटं होतं. ते मी भरलं.

तुजी ताई
अंबा