धानावर बांधलेल्या पट्ट्या

६ ऑक्टोबर २००९

अल्का म्हणते, आधी तारीख. घे, घातली तारीख! सून दहावी पास, मी अंगठा. पण सांगणार मी आणि लिहिणार ती. घरात एवढं तरी सासूपण राहू दे. माझ्या ‘मले’चं ती ‘मला’ करते. कर बाई. वही नातीची आहे, अर्धी गणितानं भरलेली. उरलेली माझी.

आज म्हातारा दुपारभर झोपला. नागपूरची गोळी पाण्यात विरघळवून पाजली, आणि गालातली गाठ जशी दुसऱ्याच कोणाची झाली. कपाळावरच्या आठ्या गेल्या. लग्नातलं तोंड दिसलं मला. तेव्हाही काही फार देखणा नव्हता!

८ ऑक्टोबर

ही गोळी गोंदियात मिळत नाही. पोरानं, लोकेशनं, सगळी दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणाला, “भैया, ये हम नहीं रखते, लाइसेंस लगता है.” अफूची जात आहे म्हणे. नशेडी लोकांच्या हाती लागू नये म्हणून कायदा. मग नागपूरला जा, कार्ड दाखव, सही घे, तेव्हा पंधरा दिवसांपुरती देतात.

तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र आमच्या मुर्री गावात दर पानठेल्यावर. शेंबडं पोरगं गेलं तरी घोटून देतात. ना कार्ड, ना सही. त्या खर्र्यानंच याचा गाल खाल्ला. दुखणं घ्यायला कोणी अडवलं नाही. दवाई घ्यायलाच पहारा!

९ ऑक्टोबर

धान लोंबीवर आलं. पोपट उतरून राहिले. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पडल्याच होत्या. सुतळीला ओवल्या आणि धानावर ताणल्या. उन्हात अशा चमकतात! एक पाखरू खाली येत नाही.

खाटेवरून म्हातारा म्हणतो, “बुढे, माया दवाईनं पोपट बी झिंगले काय?”

किती दिवसांनी थट्टा केली यानं. मी हसले नाही. हसले असते तर रडले असते.

११ ऑक्टोबर

यानं सिनेमा मागितला. लग्नाच्या वर्षी कामठ्याच्या मंडईच्या जत्रेत, तंबूत पाहिला तो, राक्षसाचा जीव पोपटात असतो तो. “आणून दे ना वं एकदा.” लोकेश हसला, पण बाजारातून सीडी शोधून आणली.

काय सांगू! तेव्हा उडता गालिचा पाहून मी याचा हात घट्ट धरला होता. सासूच्या देखत! आज पाहते तर गालिच्याला दोऱ्या दिसतात. राक्षसाचं शिंग एका बाजूला लोंबते. अल्का पोट धरून हसली. म्हातारा एका गालानं हसला.

मग राजपुत्रानं पोपट धरला. एक पंख मोडला, तिकडे राक्षसाचा हात गेला. पाय मोडला, राक्षस लंगडला. तंबूत तेव्हा शिट्ट्या वाजल्या होत्या. लोकांनी पडद्यावर पैसे फेकले होते. मी बी ओरडले होते, मोड, अजून मोड! आज राक्षस विव्हळू लागला आणि मला तो आवाज ओळखीचा वाटला. रोजचा.

म्हटलं, “अल्का, बंद कर.”

म्हातारा म्हणाला, “राहू दे. मान मोडू दे त्याले.”

“काऊन?”

“सुटते ना तो.”

अल्का, हे लिहिलंस काय? राहू दे आता.

१३ ऑक्टोबर

लोकेश उद्या नागपूरला निघणार. पिशवी भरताना विचारतो, “माय, रिकाम्या पट्ट्या कुठं हायेत?”

“धानावर.”

“धानावर! त्या परत द्याव्या लागतात. उरल्या तर गोळ्या बी परत. तवाच पुढच्या भेटतात.”

“मंग तवाच सांगाचं होतं ना, बाप्पा!”

 तसेच दोघं बांधावर गेलो तर वाऱ्यानं सुतळी तुटलेली. दोन पट्ट्या नाहीत.

१४ ऑक्टोबर

लोकेश रिकामा आला. दवाखान्यात गोळ्यांच्या खिडकीतला माणूस म्हणाला, “दोन कमी आहेत. विकल्या का?” लोकेशनं धानाचं, पोपटाचं सगळं सांगितलं. मागचे लोक हसले. माणूस वाईट नव्हता म्हणे. म्हणाला, हरवल्याचं मोठ्या डॉक्टरनं लिहून दिलं तर देतो. मोठा डॉक्टर दिवाळीच्या सुटीवर.

माझा नवरा काय गोळ्या विकेल? आयुष्यात त्याला भाजीचा भाव करता आला नाही.

उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून देते आहे.

१६ ऑक्टोबर

मी आणि अल्का सकाळपासून चिखलात. लोंब्या सारत, हातानं चाचपत. एक पट्टी पाटात सापडली. दुसरी शेजारच्या बांधाखाली. अल्कानं ती पदरानं अशी पुसली, जसं सोनंच आहे. ओलेत्या पायांनीच घरी पळालो. लोकेशनं फोन लावला. उचलला कोणी नाही. मग कळलं, खिडकी आता एकवीस तारखेला उघडेल.

गोळ्या संपल्या.

पोपट परत आले. खाऊ दे.

१७ ऑक्टोबर

गावात दिवाळी. फटाके वाजतात तेव्हा बरं वाटते. तेवढा वेळ त्याचं ओरडणं ऐकू येत नाही.

१९ ऑक्टोबर

यानं खुणेनं जवळ बोलावलं. वाटलं, पाणी पाहिजे. माझा हात घेतला आणि आपल्या मानेवर ठेवला.

मी हात काढून घेतला. म्हटलं, “लय सिनेमा पाहून राहिले तुमी.” तोच हात मग त्याच्या डोक्यावर फिरवत बसले. तो माझ्याकडे पाहत राहिला.

२१ ऑक्टोबर

लोकेश पहाटेच्या गाडीनं गेला. सगळ्या पट्ट्या रुमालात बांधून. दोनदा मीच गाठ सोडून पाहिली.

२३ ऑक्टोबर

परवा संध्याकाळी लोकेश गोळ्या घेऊन आला, तेव्हा अंगणात माणसं बसली होती.

सोमवारी परत जाईल तो. नियम आहे, उरल्या गोळ्या परत द्यायच्या. लोकेश, मोजून घ्या म्हणावं. पट्ट्या भरलेल्या आहेत. या वेळी एक बी कमी नाही.