मऊ बोलण्याचं दुखणं

प्रिय सिग्रुन,

पत्र फार उशिरा लिहितोय, रागावू नकोस. ऑगस्टमध्येच लिहायला हवं होतं, आता फेब्रुवारी लागला. तीनदा बसलो आणि तीनदा कागद चुलीत घातला. सातवीतून उठून मी बोटीवर गेलो, त्यानंतर पेन हातात घेतलं ते सह्या करायला. त्यात तू बर्गनच्या शाळेत शिकवतेस, चुका काढत बसशील, ही एक धास्ती. काढ, पण आधी शेवटपर्यंत वाच.

ऑगस्टमधलं ते जेवण माझ्या डोक्यातून जात नाही. तीन आठवड्यांसाठी आला होतात आणि आठव्या दिवशी निघालात. तुझ्या लेकीनं, तूवानं, तुला म्हटलं, "मीठ दे की इकडे, वाळक्या मुंडीचे! हात सडलेत का तुझे?" सहा वर्षांची पोर, आणि आवाज थेट माझा. मी हसलो. ते हसणंच नडलं. आमच्या बेटावर हे बोलणं म्हणजे लाडच, तुला ठाऊक आहे. धक्क्यावर ज्याला कोणी शिवी देत नाही, त्यानं समजावं की लोक आपल्यावर रागावलेत. पण तू हसली नाहीस. कपड्यांच्या घड्या घातल्यास आणि दारात उभी राहून म्हणालीस, "बाबा, धक्क्यावर काय बोलायचं ते बोल. पण घरात असलं ऐकत मी मोठी झाले, तूवा होणार नाही. नीट बोलायला लागलास की कळव, आम्ही येऊ." मग फेरीबोट सुटली. मी तुझ्या आईला म्हटलं, बर्गनला राहून दक्षिणेचं वारं लागलंय हिला, कातडी पातळ झालीय. आई भांडी घासत होती. एकच ताट दोनदा धुतलं तिनं.

मग हिवाळाभर मला घोर लागला. मी शहात्तर वर्षांचा. तुम्ही आलाच नाहीत तर? तूवा मोठी होईल आणि आजोबा म्हणजे फोटोतला कोणीतरी म्हातारा, एवढंच तिला ठाऊक असेल. म्हणून सुरुवात केली. तंबाखू सोडली तेव्हा इतका त्रास झाला नव्हता. पहिले पंधरा दिवस मी नुसता गप्प राहिलो, कारण तोंड उघडलं की जुनंच बाहेर येई. आईला वाटलं, मी रुसलोय.

हिवाळ्याच्या सलग अंधारानंतर जानेवारीत सूर्य परत आला त्या रविवारी आईनं कॉड शिजवला होता, सोबत त्याचं काळीज. एरवी जेवण झालं की मीही इथल्या सगळ्यांसारखं 'जेवणाबद्दल आभार' म्हणतो. पण माझे आभार दाराकडे तोंड करून, एक हात कोटाच्या बाहीत घालता घालता. त्या दिवशी बसून राहिलो, तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "गुनवोर, जेवणाबद्दल आभार. मासा फार चांगला झाला होता. तू नेहमीच चांगला करतेस."

तिचा काटाचमचा हवेतच थांबला. "हाल्वर, डॉक्टर काय म्हणाला?"

"कुठला डॉक्टर?"

"लपवू नकोस माझ्यापासून. किती दिवस म्हणालाय?"

गुरुवारी मी पलीकडे दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलो होतो, त्याचा आणि याचा तिनं मेळ घातला. मी म्हटलं, "नाही गं, मला काही झालेलं नाही, काळजी करू नकोस." हे इतकं मऊ बोललो की तिची खात्रीच पटली आणि ती रडायला लागली.

सोमवारपर्यंत बेटभर झालं, हाल्वर चालला म्हणून. शेजारची आसलाउग ताटभर गोड वाफल घेऊन आली आणि माझ्याशी पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तसं बोलली. मग आणखी चार घरांतून वाफल आले. संध्याकाळी तोरफिन आला. ज्याच्याबरोबर मी चाळीस वर्षं जाळी ओढली तो तोरफिन टोपी मांडीवर ठेवून बसला आणि अर्धा तास एकही शिवी देईना. तेव्हा मात्र मीच घाबरलो. वाटलं, दातवाल्याला खरंच काही दिसलं असेल, आणि माझ्याखेरीज सगळ्यांना सांगितलं असेल. शेवटी तो खाकरला. "हाल्वर, ते... तुझ्या बोटीचं काय ठरवलंयस?"

"अरे सैतानाच्या! मेलो नाही मी अजून!"

तोरफिन उडालाच खुर्चीतून. स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "गुनवोर, ये बाहेर! ठणठणीत आहे गं हा म्हातारा घोडा!" तुझी आई इतकी हसली की तिला सरपणाच्या पेटीवर बसावं लागलं. वाफल आम्ही आठवडाभर खाल्ले.

तोरफिन गेल्यावर तिला खरं ते सांगितलं. तू काय म्हणून गेलीस आणि मी कशासाठी धडपडतोय, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ते माशाचं पुन्हा म्हण की एकदा." मी म्हटलं. ती म्हणाली, "एकावन्न वर्षांत पहिल्यांदा." तक्रार नव्हती त्यात. बाहेर वारा सुटलाय म्हणावं, तसं म्हणाली.

आणि आता ती गाते, सिग्रुन! तू पाळण्यात होतीस तेव्हा ती काम करता करता गायची. मी एकदा ते ऐकून म्हटलं होतं म्हणे, कसली घरघर ही, इंजिनात पाणी शिरलंय का, बघून ये. मला आठवतही नाही, पण ती त्या दिवसापासून गायली नव्हती. आता पीठ मळताना गाते, चर्चच्या गायकांतही पुन्हा जायला लागलीय. दर बुधवारी मी तिला सोडायला जातो आणि बाहेर गाडीत बसून ऐकतो. काच थोडी खाली करून.

अजून चुकतो मी. चुकलो की ती चमचा टेबलावर आपटते आणि मला सगळं वाक्य पुन्हा नीट म्हणावं लागतं. काल एकदाच आपटला, तोही मी मांजराला बोललो म्हणून. माझ्या मते मांजर हिशेबात धरायचं नाही. तिच्या मते धरायचं.

आता पत्र कशासाठी, ते. तू फोन करतेस तेव्हा मी 'थांब, आईला देतो' म्हणून मोकळा होतो. सांगायचं असतं, पण फोनवर जमत नाही. ऑगस्टमध्ये मला वाटलं होतं, तू माझी नात माझ्यापासून तोडून नेलीस. या हिवाळ्यात तुझ्या आईकडे बघता बघता कळलं की याच टेबलाशी तूही कधी सहा वर्षांची होतीस, आणि तुझ्या कपड्यांच्या घड्या घालून तुला घेऊन जाणारं कोणी नव्हतं. ते तू तूवासाठी केलंस, स्वतःचा बाप समोर असताना. तुझं बरोबर होतं, पोरी. तू फार चांगली आई आहेस. हे मी तुला तोंडावर म्हणायला हवं आणि म्हणेनही, पण त्यासाठी तुम्ही यायला हवं. ईस्टरला या. मी नीट बोलायला लागलो का, ते माझं मला कळत नाही, तुम्हीच येऊन ऐका. लवकर कळव गं, नुसतं 'येतो' एवढं लिहिलंस तरी पुरे.

तुझाच,
बाबा